प्रतिसाद : ज्ञान-नकाशा दोन ठिकाणी ठेवताना
खान्देशातली पिकं, वाण आणि बाजार यांचा ज्ञान-नकाशा (नॉलेज ग्राफ, म्हणजे 'कशाचा कशाशी काय संबंध' सांगणाऱ्या छोट्या विधानांचं जाळं) धुळे आणि नंदुरबार अशा दोन संगणकांवर कसा ठेवायचा, असं एकाने विचारलंय. पायथनची आरडीएफलिब ही अशी विधानं हाताळणारी लायब्ररी वापरणार असाल तर बॅकएंडची, म्हणजे डेटा कुठे साठवायचा याची, फार चिंता नको. सुरुवातीला मेमरी पुरते. डेटा वाढला की बर्कलेडीबी (डिस्कवरचा डेटाबेस) किंवा स्पार्कल सर्व्हर (स्पार्कल या प्रश्नभाषेला उत्तर देणारा डेटाबेस) जोडा, वरचा कोड बहुतांश तसाच राहतो.

खरी कसोटी दोन्हीकडच्या प्रतींचा मेळ घालताना लागते. भर घालणं सोपं, कारण ज्ञान-नकाशा म्हणजे विधानांचा संच. 'जळगाव भरीत वांगी – भौगोलिक मानांकन – २०१६' हे दोन्हीकडून आलं तरी एकदाच राहतं. पण धुळ्यात पुसलेलं विधान नंदुरबारच्या प्रतीतून पुन्हा येऊन बसतं! म्हणून काय घातलं, काय काढलं याची नोंद वेगळी ठेवाच. निनावी नोड, म्हणजे कायमची ओळख न दिलेल्या नोंदी, तर कटाक्षाने टाळा. दोन प्रती जोडल्या की एकच शेत दोनदा दिसू लागतं. गाव, वाण, बाजार, प्रत्येकाला कायमचा आयआरआय (वेब-पत्त्यासारखी एकमेव ओळख) द्या.

सातपुड्याकडे रेंज जाते, तिथे मी एन-ट्रिपल्स या साध्या मजकूर-स्वरूपातली, क्रमाने लावलेली फाइल गिटमध्ये (फाइलमधल्या बदलांचा इतिहास ठेवणाऱ्या साधनात) ठेवेन. एका ओळीत एक विधान असतं, त्यामुळे फरक लगेच दिसतो आणि काढलेली ओळही इतिहासात सापडते.