विहिरीवर फक्त १८४ व्होल्ट मिळतात. वायर बदलू की स्टॅबिलायझर घेऊ? सल्ला द्या

संत्राबाग_मोर्शी
नमस्कार मंडळी. विहिरीवर दीड एचपीची सिंगल फेज सबमर्सिबल आहे. मीटरची पेटी रस्त्याकडच्या धुऱ्यावर, तिथून विहीर १५० मीटर. मधात २.५ चौरस मिमीची तांब्याची दोन कोर केबल, बल्ल्यांवरून नेलेली. आंबिया बहाराची फळं झाडावर आहेत, या उन्हात पाणी तोडता येत नाही, आणि मोटर तापून ट्रिप होते.

मोटर चालू असताना क्लॅम्प मीटरनं मोजलं. पेटीत २१८ व्होल्ट, विहिरीवरच्या पॅनलला १८४, करंट ९.५ अँपिअर. ओहमच्या नियमानं १८४ भागिले ९.५ म्हणजे १९.४ ओहम. पण लाईन काढून वाइंडिंगवर मीटर लावला तर २.६ ओहमच दाखवतो. पॉवर काढली तर १८४ गुणिले ९.५, म्हणजे १७४८ वॅट. दीड एचपीचे तर १११९ वॅटच होतात. काहीच जुळत नाही. मीटर खराब आहे का? एक दुकानदार म्हणतो ६ ची वायर टाका, दुसरा म्हणतो स्टॅबिलायझर लावा.

विज्ञान_शिक्षिका_आर्वी
दादा, मीटर चांगला आहे. व्होल्टला अँपिअरनं भागून रोध मिळतो तो हीटर, इस्त्री, वायर अशा नुसत्या तापणाऱ्या वस्तूंचा. फिरत्या मोटरीत तारेच्या रोधाशिवाय चुंबकीय क्षेत्रामुळे उलटा दाबही तयार होतो आणि तोच करंट अडवून धरतो. नुसता २.६ ओहमच असता तर १८४ व्होल्टवर ७० अँपिअर वाहिले असते. सुरू होताना मोटर एकदम जास्त करंट ओढते ते यामुळेच, कारण तेव्हा ती फिरत नसते. तुमचे १९.४ ओहम म्हणजे प्रतिबाधा, तारेचा रोध आणि हा उलटा दाब मिळून होणारा एकूण अडथळा. ती लोडप्रमाणे बदलते.

१७४८ हे व्होल्ट-अँपिअर झाले, वॅट नव्हे. पॉवर फॅक्टरनं, म्हणजे त्यातला किती हिस्सा खरी पॉवर आहे त्या आकड्यानं, गुणायचं. तो ०.९ धरला तर साधारण १५७० वॅट. त्यातलेही सगळे पाण्याला मिळत नाहीत, काही मोटरीतच उष्णता होऊन जातात. पाटीवरचा एचपी शाफ्टवर मिळणारा असतो.

तुमच्या आकड्यांत खरी कामाची गोष्ट वेगळीच आहे. २१८ वजा १८४, म्हणजे ३४ व्होल्ट वाटेत गेले. वायरला मात्र ओहमचा नियम सरळ लागतो: ३४ भागिले ९.५, म्हणजे ३.६ ओहम. ३४ गुणिले ९.५ केले की ३२३ वॅट. मोटर रोज सहा तास चालली तर जवळपास २ युनिट नुसती वायर तापवण्यात जातात.

आणि २.५ च्या तांब्याचा रोध किलोमीटरला ७.४ ओहमच्या आसपास असतो. जाऊन-येऊन ३०० मीटर धरा, २.२ ओहम यायला हवेत. उन्हात तापून २.५ होतील. तुमच्याकडे ३.६ आहेत. वरचा एक ओहम कुठून आला?

वाइंडर_दर्यापूर
बाईंनी बरोबर जागी बोट ठेवलं. भाऊ, आधी जोड पाहा. वायर घ्याले पैसे लागते, जोड पाहाले नाही लागत. केबलीत किती जोड हाय? मोटर चालू असताना एकाच तारेवर, जोडाच्या अलीकडं एक सुई अन् पलीकडं एक. चांगल्या जोडावर मीटर जवळजवळ शून्य दाखवते. पाच-दहा व्होल्ट दाखवले का समजा तिथंच जळून राहिलं. पण हे चालू लाईनवरचं काम हाय, वायरमनले सोबत घ्या. वल्ल्या जमिनीवर उभं राहून करू नका.

व्होल्टेज पडलं का हीटरचा करंट कमी होते, मोटरीचा वाढते, कारण पाणी तर तेवढंच उचला लागते. करंट २० टक्के वाढला का वाइंडिंगची उष्णता ४४ टक्के वाढते. उन्हाळाभर माह्याकडं जळलेल्या मोटरी येतेत, त्यातल्या लय मोटरीले हेच कारण असते.

कापूस_दारव्हा
माझ्याकडे स्टॅबिलायझर आहे, थोडा फरक पडतो. तोच घ्या.

विज्ञान_शिक्षिका_आर्वी
इथे माझा विरोध आहे. स्टॅबिलायझर वॅट तयार करत नाही. १८४ चे २२० करायला तो वायरीतून आणखी करंट ओढेल, मग वायरीतली घटही वाढेल. पेटीतच व्होल्टेज कमी असेल तर गोष्ट वेगळी. यांच्या पेटीत २१८ आहेत.

संत्राबाग_मोर्शी
वायरमनदादांना घेऊन तपासलं. तीन जागी जोड आहेत. दोन ठीक निघाले, मधल्या बल्लीजवळ न्यूट्रलच्या जोडावर ९ व्होल्ट! म्हणजे ०.९५ ओहम आणि ८५ वॅट एका टेपखाली. टेप काढला तर तार काळी पडलेली. घासून, स्लीव्ह दाबून नवा जोड केला. आता विहिरीवर १९४, करंट ९.१. ट्रिप थांबली. तरी १९४ कमीच वाटतं. वायर घेऊ का?

वाइंडर_दर्यापूर
घ्या, पण ६ ची नाही. तांब्याची ४ ची टाकली तर वायरीत १२-१३ व्होल्ट जाईन, ६ ची टाकली तर ८. चार व्होल्टांसाठी एवढा पैसा काहून घालता? पुढं ३ एचपी टाकाचा विचार असला तर मग ॲल्युमिनियमची १० पाहा, ती तांब्याच्या ६ च्या बरोबरीची हाय. फक्त तांबं अन् ॲल्युमिनियम नुसतं पीळ देऊन जोडू नका, बायमेटल लग, म्हणजे दोन्ही धातूंले चालणारं जोडाचं टोक, लावा. जोड एकही ठेवू नका, १५० मीटरचं अखंड बंडल मागा.

अन् पेटीतलं माप रात्रीच्या लाईनलेही घेऊन ठेवा. तिथंच १९० च्या खाली आलं तर कोणतीच वायर टाकून फायदा नाही, तवा डीपीवरच्या, म्हणजे ट्रान्सफॉर्मरवरच्या, लोडाचा अर्ज करा लागन.