थीसिस लिहिताना युनिव्हर्सिटीचं रायटिंग सेंटर खरंच उपयोगी पडतं का?

अर्धवट_चॅप्टर: पीएचडीचं तिसरं वर्ष चालूय, डेटा आहे, वाचन झालंय पण लिहायला बसलं की काहीच होत नाही, गाईड म्हणतात आधी ड्राफ्ट दाखव मग बोलू. रायटिंग सेंटरला, म्हणजे युनिव्हर्सिटीत लिखाणाला मदत करतात तिथे, जाऊ का? की ते फक्त फर्स्ट इयरवाल्यांसाठी असतं?

तळटीप: जा की! फक्त व्याकरण तपासून मिळेल या आशेने जाऊ नकोस, बहुतेक ठिकाणी प्रूफरीडिंग करतच नाहीत. ते विचारतात तुझा मुद्दा काय, हा पॅरा इथे कशाला, आणि आपण तोंडाने सांगायला लागलो की अर्धा गुंता तिथेच सुटतो. समोरच्याला आपला विषय येत नसतो हा उलट फायदाच, गृहीत धरलेलं सगळं उघडं पडतं. अख्खा चॅप्टर नेऊ नको, चार-पाच पानं आणि एक नेमका प्रश्न ने. ड्राफ्ट नसेल तर नुसता आराखडा पण चालतो.

निशाचर: +१. पण मला विचारशील तर खरा फरक ग्रुपने पडतो. आम्ही वेगवेगळ्या डिपार्टमेंटचे काहीजण ऑनलाइन भेटतो, २५ मिनिटं गप्प लिहायचं, ५ मिनिटं ब्रेक, तेच ते पोमोडोरो तंत्र, फ्रान्चेस्को चिरिलोने काढलेलं. कोणी कोणाचं वाचत नाही. सुरुवातीला वाटलेलं ह्याने काय होणार, पण एकटेपणा जातो राव.

अर्धवट_चॅप्टर: आराखडा आहे माझ्याकडे, उद्याच अपॉइंटमेंट घेते. @निशाचर ग्रुपमध्ये जागा आहे का?

निशाचर: आहे, मेसेज टाक.