एका शेगडीवर दोघांचा स्वयंपाक: कुकर, तवा, मिक्सर कोणते घ्यावे?

पळसफूल:
यवतमाळकडचं खेडं, घरात दोन माणसं. गॅसची एकच शेगडी, अंगणात चूल. रोज वरण-भात, ज्वारीची भाकर आणि एखादी भाजी. पाणी बोअरचं, जड. चार शिट्ट्या होऊनही तुरीच्या डाळीचा दाणा तसाच राहतो. कुकर ३ लिटरचा घ्यावा की ५ चा? भाकरीला नॉनस्टिक तवा चालेल का? मिक्सर लागतोच का?

सराटा:
५ लिटरचाच घ्या, म्हणजे आत दोन डबे एकावर एक बसतात आणि वरण-भात एकदमच उतरतो. आयएस २३४७ क्रमांकाचा आयएसआय मार्क पाहूनच पैसे द्या.

डाळ अर्धा तास भिजवा. तळाशी दीड ग्लास पाणी, खाली डाळीचा डबा (एक वाटी डाळ, अडीच वाटी पाणी), वर भाताचा. पहिली शिट्टी झाली की आच बारीक करून १२ ते १५ मिनिटं ठेवा. शिट्ट्या मोजू नका, मिनिटं मोजा. वाफ कोंडली की आत साधारण १२० अंश होतात; आच मोठी ठेवली तरी त्यावर तापमान चढत नाही, वाफ आणि गॅस तेवढा वाया जातो. मग झाकण आपोआप सुटू द्या.

दाणा राहतो तो पाण्यामुळे. जड पाण्यातलं कॅल्शियम डाळीतल्या पेक्टिनला (दाणा बांधून ठेवणाऱ्या पदार्थाला) घट्ट करतं. चिमूटभर खायचा सोडा टाका. जास्त झाला तर वरणाला साबणासारखी चव येते. चिंच, टमाटर डाळ शिजल्यावरच, आंबट आधी पडलं की शिजणं रेंगाळतं.

मिस्त्रीभाऊ:
कुकरबद्दल थोडं आणखी. शिट्टी होत नसेल तर आधी वाफ कुठून जाते ते पाहा. कडेने जात असेल तर गॅस्केट (झाकणाची रबरी रिंग) कडक झाली, बदला. सेफ्टी व्हॉल्व्हमधून गेली तर तळचं पाणी संपून तो वितळला. त्याच कंपनीचा, त्याच मॉडेलचा नवा बसवा. तिथे खिळा किंवा सील ठोकून काम भागवणं म्हणजे जिवाशी खेळ आहे.

आच मोठी आहे, शिट्टी नाही आणि वाफही कुठून जात नाही, तर गॅस ताबडतोब बंद करा आणि झाकणाला हात लावू नका. फेसाने शिट्टीखालची नळी बुजलेली असते. डाळ डब्याविना थेट शिजवायची तर कुकर निम्म्याच्या वर भरू नका, चमचाभर तेल सोडा. नळीतून उजेड आरपार दिसतो का, हे दर वेळी झाकण लावण्याआधी पाहायचं.

जवस:
भाकरीला नॉनस्टिक नको. २६० अंशांच्या पुढे तो थर खराब व्हायला लागतो, आणि भाकरीचा तवा कोरडाच कडक तापवावा लागतो. जाड लोखंडी तवा घ्या. नवा तवा साबण आणि गरम पाण्याने घासा, आचेवर कोरडा करा. जवसाच्या तेलाचा बोळा फिरवून फडक्याने जवळजवळ सगळं पुसून काढा, धूर निघेपर्यंत तापवा, गार करा. असं चार वेळा. तेल जास्त राहिलं तर तवा चिकट होतो.

पळसफूल:
मग लोखंडी कढईत अंबाडीची भाजी?

जवस:
नाही. अंबाडी आंबट, कढईवर बसलेला तेलाचा थर सुटतो, भाजी काळी पडते. ती स्टीलच्या गंजात (पातेल्यात) करा. झुणका, वांग्याची कोरडी भाजी, फोडणी यांना मात्र लोखंडाला तोड नाही.

मिस्त्रीभाऊ:
मिक्सर राहिला. ठेच्याला खलबत्ताच बरा, मिक्सरमध्ये मिरचीचा लगदा होतो. रश्श्यासाठी भाजलेलं खोबरं-कांदा वाटायला ५०० वॅटचा पुरे. भांडं निम्मंच भरा, अर्धा मिनिट चालवून थांबा. शेतातल्या मोटारी सुरू असताना व्होल्टेज पडलं तर वाटू नका, मोटर तापते. अचानक बंद पडला तर बटण बंद करा, गार होऊ द्या, मग बुडाखालचं लाल बटण दाबा.