मदत हवी आहे: माओरी उच्चार देवनागरीत कसे लिहायचे?

नमस्कार मंडळी, न्यूझीलंडमध्ये कोणी आहे का ज्यांची पोरं शाळेत माओरी म्हणजे इथल्या मूळ रहिवाशांची भाषा शिकतायत? लेकीला पेपेहा म्हणजे आपला डोंगर, नदी, घराणं सांगून करायची ओळख पाठ करायचीय आणि मी तिला देवनागरीत लिहून देतोय. अक्षरं फक्त १५च, पाच स्वर, आठ साधी व्यंजनं आणि एनजी, डब्ल्यूएच या दोन जोड्या. क, प, त तर आपलेच, इंग्रजीसारखा हवेचा झोत नाही, म्हटलं सोप्पंय. कसलं काय!

वाका म्हणजे होडी, यातले दोन्ही आ ऱ्हस्व, पण ‘वक’ लिहिलं तर ती सरळ ‘वक्’ वाचते. आणि ए-ओ ला तर आपल्याकडे ऱ्हस्व-दीर्घ लिहायची सोयच नाही, ऱ्हस्व केके म्हणजे केक आणि तेच दीर्घ म्हटलं की काख, लिहिताना दोन्ही सेम! तिकडे स्वरावर आडवी रेघ देतात, तोहुतो म्हणतात तिला, आपण काय द्यायचं?

एनजी म्हणजे वाङ्मयातला ङ हे कळलं, पण ‘ङा’ने शब्द सुरू झाला की पोरगी अडते, त्यावर काही युक्ती? डब्ल्यूएच बहुतेक ठिकाणी फॅनमधल्या फ सारखा, पण व्हांगानुईकडे तो फ नसतोच, आणि साउथ आयलंडला काही ठिकाणी ङ चा क होतो, म्हणून तिकडच्या जमातीचं नाव ङाई ताहू आणि काई ताहू एकच. आम्ही हॅमिल्टनला आहोत, तर इथे फ च धरू ना? कोणी असा तक्ता केला असेल तर प्लीज टाका.