प्रतिसाद: स्वित्झर्लंडमधल्या ल्युसर्नला दोन तास पुरत नाहीत

"चॅपल ब्रिज आणि सिंहाचं शिल्प पाहिलं की ल्युसर्न संपतं, उरलेल्या दिवसात टिटलिसचा डोंगर करावा" हे वरचं मत अजिबात पटलं नाही. मित्रमंडळी सोबत असतील तर अख्खा दिवस याच गावाला द्या. जुन्या गावामागच्या म्युझेग तटबंदीचा उल्लेख इथे कुणीच केलेला नाही. नऊ बुरुज आहेत, त्यातले काही उन्हाळ्यात खुले असतात, तिकीट नाही. एका बुरुजावरचं घड्याळ १५३५ सालचं आहे, आणि गावातल्या इतर घड्याळांच्या एक मिनिट आधी ठोके देण्याचा मान त्याचा! बाराच्या जरा आधी वर पोहोचा. आम्ही तिथेच बराच वेळ तळ्याकडे बघत गप्पा मारत बसलो होतो.

उतरल्यावर नदीकाठाने श्प्रॉयर या छत असलेल्या जुन्या लाकडी पुलापर्यंत चालत जा. चॅपल ब्रिजचा बराचसा भाग १९९३ च्या आगीनंतर नव्याने बांधलेला आहे, श्प्रॉयर पुलावर मात्र सतराव्या शतकातली मृत्यूच्या नाचाची (सांगाड्याच्या रूपातला मृत्यू माणसांना घेऊन जातो, अशी) चित्रं अजून छताखाली आहेत. शेजारीच १८५९-६० मधला बांध दिसेल. त्याचे लाकडी दांडे हाताने काढून-घालून तळ्याची पातळी राखतात. मला तर हा बांध सिंहापेक्षा जास्त आवडला.