मदत हवी आहे : १९८०च्या दशकातला कॉलेज फुटबॉलचा सर्वोत्तम रनिंग बॅक कुणाला म्हणावं?

नमस्कार मंडळी,

आमच्या इथल्या मराठी मंडळाच्या दिवाळी अंकासाठी अमेरिकन कॉलेज फुटबॉलवर लेख लिहायला घेतलाय. १९८०च्या दशकातले रनिंग बॅक, म्हणजे चेंडू घेऊन धावणारे खेळाडू, हा विषय मीच मागून घेतला. पाऊण लेख झाला आणि शेवटाला अडकलोय. संपादक ताईंनी बजावलंय, "तीन नावं देऊन वाचकावर सोडू नकोस. एक नाव घे आणि तेच का, ते लिही." त्यांचं बरोबर आहे. अंक छपाईला जायला अडीच आठवडे उरलेत. हा खेळ वर्षानुवर्षं बघणारे इथे बरेच आहेत, म्हणून विचारतोय.

मी जॉर्जियात राहतो. इथे आल्यावर शेजारच्या आजोबांनी मला अथेन्स गावी, जॉर्जिया विद्यापीठाच्या सॅनफर्ड स्टेडियममध्ये नेलं आणि तेव्हापासून हा खेळ माझा झाला. त्यामुळे मन याच विद्यापीठाच्या संघातल्या हर्शेल वॉकरकडे ओढतं, हे आधीच सांगून टाकतो. पण लेखात मनाचा कौल चालणार नाही, निकष हवेत.

वॉकर राइट्सव्हिल नावाच्या लहानशा गावातून आला. १९८०च्या पहिल्याच सामन्यात, नॉक्सव्हिलला टेनेसीविरुद्ध, तो सुरुवातीच्या संघात नव्हता. जॉर्जिया १५-२ ने मागे असताना त्याने बिल बेट्स या बचावपटूला सरळ तुडवून टचडाउन केलं (म्हणजे चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या शेवटच्या रेषेपार नेला) आणि सामना १६-१५ असा जिंकला गेला. त्या मोसमात १,६१६ यार्ड, तेव्हा पहिल्या वर्षाच्या कुठल्याच खेळाडूने इतके केलेले नव्हते. शेवटी नोत्र दामविरुद्ध शुगर बोल (बोल म्हणजे नियमित मोसम संपल्यावरचा खास सामना). सुरुवातीलाच त्याचा खांदा निखळला, तो बसवून घेऊन मैदानात परतला आणि १५० यार्ड धावला. आता गंमत नव्हे, थक्क करणारी गोष्ट बघा : त्या सामन्यात जॉर्जियाच्या अख्ख्या संघाची एकूण चाल १२७ यार्डांची. म्हणजे बाकीच्यांचा हिशेब उणे! जॉर्जियाचा पूर्ण सामन्यात एकच पास पूर्ण झाला. चेंडू वॉकरकडेच जाणार हे समोरच्या अकराही जणांना ठाऊक होतं, तरी तो थांबला नाही. जॉर्जिया १७-१० ने जिंकून राष्ट्रीय विजेता ठरला.

तीन वर्षांत ५,२५९ यार्ड, संघाचे ३३ विजय आणि फक्त ३ पराभव, १९८२ची हाइझमन ट्रॉफी, म्हणजे वर्षातल्या सर्वोत्तम कॉलेज खेळाडूचा मान. चौथं वर्ष तो खेळलाच नाही, १९८३ला नव्या यूएसएफएल या व्यावसायिक लीगमध्ये गेला.

आता दुसरी बाजू. ओक्लाहोमा स्टेटचा बॅरी सँडर्स, १९८८ : अकरा सामन्यांत २,६२८ यार्ड, धावून ३७ टचडाउन. हे आकडे लिहिताना मी दोनदा तपासले. आणि तिसरा ऑबर्नचा बो जॅक्सन, १९८५चा हाइझमन विजेता, चार वर्षांत ४,३०३ यार्ड, दर धावेला सरासरी ६.६. वॉकरची सरासरी ५.३च्या आसपास येते.

माझी अडचण अशी. एकच अफाट मोसम मोठा की सलग तीन वर्षांचं सातत्य? प्रतिस्पर्धी किती तगडे होते, याला किती वजन द्यावं? आणि पुढे व्यावसायिक खेळात काय झालं, ते धरायचं का? सँडर्सने पुढे एनएफएल या व्यावसायिक लीगमध्ये १५,२६९ यार्ड केले, ते डोक्यातून काढून टाकून त्याच्या कॉलेजच्या खेळाकडे बघणं मला फार कठीण जातंय.

जाणकारांनी कृपया मदत करावी.

प्रतिसाद १

खेळातलं मला काही कळत नाही, पण दिवाळी अंक मी पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचते, म्हणून एक वाचक म्हणून विचारते. यार्ड म्हणजे क्रिकेटमधल्या धावांसारखे का? ५,२५९ हा आकडा मोठा की लहान, हे मला कसं कळावं?

धागाकर्ता

फार महत्त्वाचा प्रश्न विचारलात, लेखात हे राहूनच गेलं होतं. यार्ड म्हणजे नुसतं अंतर, साधारण ९१ सेंटिमीटर. कबड्डीची चढाई डोळ्यांसमोर आणा. चेंडू बगलेत घेऊन एक माणूस समोरच्या अकरा जणांत शिरतो आणि ते त्याला पाडतात. पडेपर्यंत जेवढा पुढे गेला, तेवढे त्याचे यार्ड. चार प्रयत्नांत संघाला दहा यार्ड जायचं असतं, म्हणून दर चढाईला चार यार्ड मिळाले तरी प्रशिक्षक खूश असतो. ५,२५९ यार्ड म्हणजे ४.८ किलोमीटर. अख्खा मरीन ड्राइव्ह संपवून पुढे, आणि तोही दर पाच-सहा पावलांवर कुणीतरी अंगावर झेपावत असताना.

प्रतिसाद २

स्टिलवॉटरला, म्हणजे ओक्लाहोमा स्टेटला, शिकलोय, तेव्हा माझं मत ओळखलंच असेल. पण भावना बाजूला ठेवून तीन मुद्दे मांडतो.

एक, २,६२८ मध्ये बोल सामना धरलेला नाही. एनसीएए ही कॉलेज खेळांची संस्था बोल सामन्यांचे आकडे अधिकृत नोंदीत २००२पासून धरायला लागली. सँडर्सने त्या वर्षीच्या हॉलिडे बोलमध्ये वायोमिंगविरुद्ध २२२ यार्ड आणि पाच टचडाउन केले होते. ते मिळवा, २,८५० होतात.

दोन, २०२४मध्ये बोइझी स्टेटच्या अॅश्टन जेंटीने अप्रतिम मोसम खेळून २,६०१ यार्ड केले. त्याला १४ सामने मिळाले, बोल धरून. तरीही २७ यार्ड कमीच पडले.

तीन, त्याआधी दोन वर्षं सँडर्स थर्मन थॉमसच्या मागे राखीव होता. संधी मिळाल्याबरोबर हे केलं. हाइझमन जाहीर झाली तेव्हा संघ टेक्सस टेकशी खेळायला टोकियोत होता आणि त्या सामन्यात त्याने ३३२ यार्ड काढले. सातत्य हवं म्हणता, पण मोसमभर दर सामन्याला सरासरी २३९ यार्ड हे सातत्य नव्हे तर काय?

प्रतिसाद ३

मी अलाबामात सतरा वर्षं आहे. आमच्याकडे आयर्न बोलच्या (अलाबामा विरुद्ध ऑबर्न या दरवर्षीच्या सामन्याच्या) आठवड्यात घरात दोन गट पडतात, मी ऑबर्नच्या गटातली.

प्रतिसाद २ मधले आकडे मान्य. पण १९८८चं कॅन्सस स्टेट आठवा, त्या मोसमात ०-११, म्हणजे एकही विजय नाही. कॅन्सस १-१०. सँडर्सचे तीनशेच्या वरचे जे चार सामने आहेत, त्यातले दोन याच संघांविरुद्ध. नेब्रास्का आणि ओक्लाहोमाविरुद्धही तो उत्तम खेळला हे खरं, पण ते दोन्ही सामने त्याचा संघ हरला.

बो जॅक्सनचा १९८२चा आयर्न बोल बघितलाय का? अलाबामाने ऑबर्नला सलग नऊ वर्षं हरवलं होतं. शेवटच्या मिनिटांत, गोल लाइनवर, पहिल्या वर्षाच्या या पोराने खेळाडूंच्या ढिगावरून उडी घेतली आणि ऑबर्न २३-२२ ने जिंकलं. पुढच्या वर्षी अलाबामाविरुद्धच पावसात २५६ यार्ड. १९८४मध्ये खांद्याची दुखापत झाली नसती तर एकूण आकडाही वेगळा दिसला असता. आणि सरासरीचं म्हणाल तर हा माणूस दर वेळी वॉकरपेक्षा यार्डभर पुढे जाऊन पडायचा.

लेखात एक गोष्ट जरूर घाला : नोव्हेंबर १९८२मध्ये वॉकर आणि बो समोरासमोर आले होते. जॉर्जिया १९-१४ ने जिंकलं. मला आवडत नाही, पण घाला.

प्रतिसाद ४

माइक रोझियरचं नावसुद्धा नाही? नेब्रास्का, १९८३, २,१४८ यार्ड, दर धावेला ७.८, हाइझमन. आणि यूएससीच्या मार्कस अॅलनने १९८१ला पहिल्यांदा एका मोसमात दोन हजारांचा टप्पा ओलांडला, २,३४२. निदान एकेक परिच्छेद तरी द्या.

धागाकर्ता

सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री बसून परत लिहिलं.

रोझियर आणि अॅलन घेतले. रोझियरच्या बाबतीत मात्र मला अडतं ते हे, की त्या नेब्रास्काच्या आघाडीच्या फळीमुळे त्याला मोकळ्या वाटा बऱ्याच मिळायच्या. सँडर्सच्या आकड्यांकडेही आता थोडं तसंच बघतोय. माइक गंडी पास टाकायला आणि हार्ट ली डाइक्स झेलायला असताना बचावाला सगळे लोक एकट्या सँडर्सवर लावता येत नव्हते. वॉकरच्या समोर मात्र ते लावलेले असायचे, तीन वर्षं, जवळजवळ हजार वेळा. त्याची सरासरी कमी दिसते त्यामागे हेच आहे, असं माझं ठाम मत झालंय. एवढ्या वेळा चेंडू हातात घेणाऱ्याची सरासरी खाली येणारच. बोने चार वर्षांत ६५० वेळा घेतला, वॉकरने तीन वर्षांत ९९४ वेळा.

व्यावसायिक कारकीर्द पूर्ण बाहेर ठेवतोय. मुलं अठरा-वीस वर्षांची असताना काय करत होती, एवढंच बघायचं.

तेव्हा असं लिहितोय : दशकातला सर्वोत्तम मोसम सँडर्सचा, आणि त्याच्या जवळपासही कुणी नाही. दशकातला सर्वोत्तम कॉलेज रनिंग बॅक वॉकर. सुनील गावसकरांनी १९७१ला पहिल्याच मालिकेत वेस्ट इंडीजमध्ये ७७४ धावा केल्या, तो दाखला वॉकरच्या पहिल्या वर्षासाठी वापरला आहे, आमच्या वाचकांना लगेच पोचेल.

प्रतिसाद ३, तुमचा १९-१४ चा सामना आता लेखाच्या अगदी मधोमध आहे, आणि बोची ती उडीही.

एक मदत अजून हवी. कबड्डीच्या तुलनेचा परिच्छेद उद्या रात्री इथे टाकतो. कुणी शाळा-कॉलेजात चढाईपटू म्हणून खेळलं असेल तर शब्द बरोबर पडलेत का, ते वाचून सांगा. मी लहानपणी फक्त पकडीला असायचो.