हौशी नाटकाची वेशभूषा : कपडे आणि शिवणसाहित्य कसे मिळवावे?

प्रश्नकर्ती : आमच्या हौशी नाट्यगटाच्या नव्या नाटकात १४ पात्रे आहेत, काही दरबारी, बाकीची कष्टकरी. वेशभूषा या वेळी माझ्याकडे आली आहे. येथे कोणीच मानधन घेत नाही आणि सगळे कापड नवे घेतले, तर प्रकाशयोजनेसाठी काहीही उरणार नाही. शिवणयंत्रे दोन, शिवणारे तिघे आणि हाताशी सहा आठवडे आहेत. काय मागून आणावे, काय जुने घ्यावे आणि कशावर पैसे खर्च करावेत, याचे मार्गदर्शन हवे आहे.

पहिले उत्तर : मागणी करण्याआधी प्रत्येक नटाची मापे आणि प्रवेशवार कपड्यांची यादी तयार करा. "जुने कपडे द्या" असे मोघम आवाहन केले, की निरुपयोगी गाठोडी जमतात आणि ती निवडण्यातच आठवडा जातो; "गडद रंगाच्या चादरी, अस्तर असलेले पडदे, मोठ्या मापाचे सुती सदरे" असे नेमके मागितले, तर नेमके मिळते. चादरींना कमी लेखू नका. सव्वादोन मीटर रुंद आणि अडीच मीटर लांब चादरीत १.१ मीटर पन्ह्याच्या (रुंदीच्या) ५ मीटर कापडाइतका ऐवज असतो, शिवाय ती अनेकदा धुतलेली असल्याने शिवल्यानंतर आटण्याची भीती फारशी राहत नाही. पांढरे सुती कापड दिव्यांखाली डोळ्यांवर येते. ते चहाच्या पाण्यात उकळून घेतले, की कष्टकऱ्यांच्या अंगावर शोभेल असा मळकट रंग चढतो. मात्र पॉलिस्टरवर हा रंग जवळजवळ धरत नाही. म्हणून आधी कापडाचे चार धागे चिमट्यात धरून धातूच्या ताटलीवर जाळून पाहा : सुती धाग्याला जळक्या कागदाचा वास येतो, पॉलिस्टर वितळून त्याची कडक गुठळी होते.

दुसरे उत्तर : कापड जुने चालेल, दोरा मात्र नवाच घ्या, असे मी आग्रहाने सांगेन. दान म्हणून आलेली रिळे पुष्कळदा कुजलेली असतात. दोरा दोन्ही हातांनी ताणून पाहावा आणि सहज तुटला तर मोह न धरता टाकून द्यावा, कारण घाईत कपडे बदलताना शिवण उसवली, तर प्रयोग अडतो. सुयाही नव्याच हव्यात : मध्यम सुती कापडाला ८० क्रमांकाची, पडद्याच्या जाड कापडाला ९० किंवा १०० ची. बटणे, हुक आणि चेन जुन्या कपड्यांवरून काढून घ्याव्यात. झटपट बदलायच्या कपड्यांना मोठी टिचबटणे लावा. वेल्क्रो सोपे वाटते, परंतु शांत प्रवेशात विंगेतून त्याचा फाटल्यासारखा आवाज प्रेक्षकांपर्यंत पोहोचतो. बाजूच्या शिवणीत किमान अडीच सेंटिमीटर माया (शिवणीच्या आत दुमडलेले जादा कापड) ठेवा, म्हणजे पुढच्या नाटकात तोच कपडा दुसऱ्याच्या अंगावर बसवता येईल.

तिसरे उत्तर : उसन्या कपड्यांविषयी थोडे. ज्यात कोणाचा जीव गुंतलेला आहे, तो कपडा मागूच नये. जो घ्याल त्याचे छायाचित्र काढा, आतून मालकाच्या नावाची चिठ्ठी टाका आणि कात्री लावू नका; हाताने घातलेला धावदोरा प्रयोगानंतर काढता येतो. नटांनी आत सुती बनियन घातले, तर घामाचे डाग बऱ्याच अंशी टळतात.

प्रश्नकर्ती : सर्वांचे मनापासून आभार. धागे जाळून पाहिले. मिळालेले सहाही जड पडदे पॉलिस्टरचे निघाले. ते परत करावेत का?

पहिले उत्तर : मुळीच नको. रंगवण्याचा विचार सोडून ते आहेत त्याच रंगात दरबारी पात्रांच्या अंगरख्यांना वापरा. जड पडद्याचा झोळ महागड्या वस्त्रासारखा दिसतो. फक्त ज्या प्रवेशात समई किंवा मशाल खरोखर पेटवायची असेल, त्यातील नटांना ते घालू नका.